भिक्खुणींचा पत्ता

व्याख्यानाला बोलावताना संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितलं, "शहरातल्या एका भिक्खुणी विहाराबद्दल बोलू." पलीकडून विचारणा झाली, "मुंबईतल्या का?" आम्ही म्हटलं, हाँगकाँगमधल्या. मग जरा शांतता. तासगावात, बेदाण्याच्या बाजारपेठेत, हाँगकाँगमधल्या भिक्खुणींचं काय काम? प्रश्न रास्त आहे. पण हा रस्ता हाँगकाँगहून निघून कान्हेरी, जुन्नर, कराड करत इथपर्यंत येतो. तेवढा धीर धरावा.

आधी जागा सांगतो. हाँगकाँगच्या काउलून भागात डायमंड हिल नावाचं मेट्रोचं स्टेशन आहे. तिथून बाहेर पडलं की एका बाजूला मॉल, चारी बाजूंना तीस-चाळीस मजली इमारती आणि डोक्यावरून जाणारे उड्डाणपूल. पाच मिनिटं चाललं की एकदम मोठं दार लागतं आणि आत कमळांची तळी. तळ्यांपलीकडे काळसर कौलांची, लांब पंखांसारखी पसरलेली लाकडी छपरं. हे 'ची लिन' भिक्खुणी विहार. 1934 साली भिक्खुणींच्या निवासासाठी स्थापन झालं. युद्धानंतरच्या वर्षांत इथे गरीब मुलांसाठी शाळा चालली, अनाथ मुली राहिल्या, निराधार म्हाताऱ्या बायकांना आसरा मिळाला. वृद्धसेवेचं काम संस्था आजही करते. मग 1990च्या दशकात सगळं नव्याने बांधायला घेतलं आणि 1998 साली पुरं केलं. बांधलं कसं? तांग राजवटीच्या पद्धतीने. म्हणजे इसवी सन 618 ते 907 या काळात चीनमध्ये जशी लाकडी मंदिरं बांधत, तशी. समोरच्या बाजूला त्याच शैलीत आखलेलं 'नान लियान' उद्यान आहे, ते 2006 मध्ये खुलं झालं.

आम्ही गेलो तेव्हा आत बरीच गर्दी होती, पण आवाज नव्हता. पहिल्या दालनात मैत्रेय आणि चार दिशांचे चार राजे. मधल्या मोठ्या दालनात शाक्यमुनी बुद्ध, जवळ महाकाश्यप आणि आनंद. बाहेर तळ्यांपाशी लोक भराभर फोटो काढत होते. आत मूर्तींसमोर फोटोला मनाई. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य, "एकही खिळा नाही!" लाकडाची जीभ लाकडाच्या खाचेत बसवत नेली आहे, तुळईवर तुळई, खांबावर खांब, आणि त्यावर हजारो कौलांचं वजन. काम थक्क करणारं आहे, त्यात शंका नाही. आम्हीही मान वर करून बराच वेळ बघत राहिलो.

पण परतताना एक गोष्ट टोचायला लागली. आम्ही भिक्खुणी विहार पाहून आलो, आणि येताना आमच्याजवळ काय होतं? खिळ्यांची गोष्ट. भिक्खुणींची गोष्ट नव्हती. राखाडी चीवर घातलेल्या दोघीजणी लांबच्या ओसरीवरून जाताना दिसल्या, तेवढंच. त्या राहतात तो भाग बंद असतो, आणि तो बंद असायलाच हवा, त्यांचं घर आहे ते. आमची तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आहे ती पाहणाऱ्यांच्या नजरेबद्दल, त्यात आमचीही आली. सुतारकामाचं कौतुक करता करता, हे घर कोणासाठी बांधलं ते विचारायचं आम्ही विसरलो.

इथे समीक्षकाचं काम सुरू होतं. पहिला आक्षेप तर कुणीही घेईल. हा जीर्णोद्धार आहे का? 1934 साली इथे काही तांग काळातलं मंदिर नव्हतं. जी वास्तू होती ती गेली, आणि तिच्या जागी हजार-बाराशे वर्षांपूर्वीची वाटावी अशी नवी वास्तू आली. शाळेत बाराखडी गिरवणाऱ्या मुलींची खूण त्या कमळतळ्यांत आम्हाला दिसली नाही. उद्धार झाला, पण जीर्ण काय होतं ते पुसून. हा आक्षेप आम्ही मागे घेत नाही. जवळचा, साधा, कष्टाचा इतिहास काढून दूरचा, देखणा इतिहास बसवला, हे खरंच आहे.

आता दुसरी बाजू. तासगावकरांना ती समजावून सांगावी लागणार नाही, कारण तुमच्या गणपतीचं गोपूर रोज तुमच्या डोळ्यांसमोर आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे देऊळ बांधलं. सात मजली गोपूर, थेट दक्षिणेच्या धाटणीचं. कृष्णाखोऱ्यात असं गोपूर बांधायची रीत होती का? नव्हती. भाऊ कर्नाटकात मोहिमा करत होते, तिथली रीत इथे आणली. म्हणून आज कुणी म्हणतं का, की हे गोपूर उसनं आहे, खोटं आहे? गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रथ निघतो, हजारो हात दोराला लागतात, तेव्हा ते गोपूर तासगावचंच असतं. रूप कुठूनही येवो, वापराने ते आपलं होतं. तीच फूटपट्टी ची लिनला लावायला हवी. रूप तांग काळाचं, लाकूड नवं, पण तिथे भिक्खुणी राहतात, पहाटे त्यांचं सूत्रपठण होतं, संस्था त्या चालवतात. म्हणजे घर नवं आणि राबता जुना. या कसोटीला ची लिन उतरतं.

इथे थोडं थांबून आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. ची लिनच्या मोठ्या दालनाचा आदर्श म्हणून ज्या मंदिराकडे बोट दाखवतात, ते म्हणजे चीनच्या वुताय डोंगरातलं फोग्वांग मंदिर. 1937 सालापर्यंत ते किती जुनं आहे हे जाणकारांना माहीत नव्हतं. त्या वर्षी लियांग सिचेंग आणि त्यांची पत्नी लिन हुइयिन हे वास्तुअभ्यासक आपल्या सहकाऱ्यांबरोबर खेचरांवरून तिथे पोचले. माळ्यावर धुळीचे थर, वटवाघळं, ढेकूण. तुळयांवर पुसट शाई होती, ती कुणाला लागेना. लिन हुइयिन यांची लांबची नजर चांगली, त्यांना खालूनच अक्षरं दिसली. नाव होतं एका बाईचं, निंग गोंगयू. मंदिरासाठी दान देणारी उपासिका. मग बाहेरच्या दगडी स्तंभावर तेच नाव सापडलं, आणि त्याच्याबरोबर साल. हिशेब केला तर इसवी सन 857. आणि गंमत बघा, आत चौथऱ्याच्या एका कोपऱ्यात एका साध्या बाईची मूर्ती बसलेली होती. तिथले भिक्खू सांगत, ही महाराणी वू. ती महाराणी नव्हतीच. ती दान देणारी निंग गोंगयू होती.

हे ऐकून तुम्हाला काही आठवलं का? आपल्याकडे डोंगरात कोरलेलं काही दिसलं की आपण म्हणतो, पांडवांनी एका रात्रीत केलं. नाशिकला पांडवलेणी, वाईजवळ पांडवलेणी. तिथे राणीचं नाव चिकटलं, इथे पांडवांचं. खऱ्या देणाऱ्याचं नाव मात्र डोक्याच्या वर कोरलेलं असतं, आणि खालून जाणारा कुणी ते वाचत नाही.

तर चला, वाचू. मुंबईत या, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीला. शंभरावर लेणी, पाण्याच्या पोढ्या, पायऱ्या, आणि ब्राह्मी लिपीतले कितीतरी लेख. त्यातल्या एका लेखात सापा नावाची बाई भेटते. 'पवइतिका' म्हणजे प्रव्रजिता, घर सोडलेली. धेनुकाकट गावच्या धमणकाची मुलगी, थेर बोधिकांची अंतेवासिनी, म्हणजे शिष्या. तिने लेणं आणि पाण्याची पोढी दान दिली, बहीण रतिनिका आणि इतर नातलगांसह. रायगड जिल्ह्यातल्या कुड्याच्या लेण्यांत या, तिथे पदुमनिका आहे. तीही प्रव्रजिता, आणि तिची आई नागनिकाही प्रव्रजिता. थेर भदंतांची ती भाची. म्हणजे एकाच घरातली मायलेक आणि मामा, सगळी संघात. तिच्याबरोबर दानात तिच्या शिष्या आहेत, बोधी आणि असाळ्हमिता. कार्ल्याच्या चैत्यावर या, तिथे वेदिकेची पट्टी दान देणारी भिक्खुणी कोडी आहे. ओळख काय सांगते? घुणिकाची आई. चीवर घेतलं तरी लेकराचं नाव सुटलं नाही. लेखावर आम्ही फार भावुक होत नाही, पण इथे थोडं व्हायला होतं.

या बायका कोण होत्या, हे नीट बघा. कुणाच्या तरी मागे उभ्या असलेल्या नाहीत. त्यांना गुरू आहेत, शिष्या आहेत, डोंगरात लेणं खोदवून घेण्याइतकं पाठबळ आहे, आणि आपलं नाव दगडात घालण्याइतका आत्मविश्वास आहे. पण आता खरा प्रश्न येतो. सापाने लेणं दिलं ते चारी दिशांच्या भिक्खुसंघाला. म्हणजे राहणार भिक्खू. मग सापा स्वतः कुठे राहत होती?

आम्ही बरीच वर्षं लेण्यांतून हिंडताना चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. एखादी खोली दाखवून वाटाड्या म्हणायचा, "इथे भिक्खुणी राहायच्या." आम्ही मान डोलावायचो. उत्तर दगडात नव्हतं, विनयपिटकात होतं. भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा तिथे नियम आहे. कारणही दिलं आहे. रानात राहणाऱ्या भिक्खुणींवर गुंडांनी अत्याचार केले, म्हणून. म्हणजे भिक्खू डोंगरात राहू शकत होता, भिक्खुणीला वस्तीजवळच राहावं लागत होतं. रात्रीच्या वाटेची बाईला वाटणारी भीती काल-परवाची नाही. तिच्यावरून विहाराचा पत्ता ठरला.

आणि याला आपल्याच मुलखातला पुरावा आहे. जुन्नरच्या एका लेखात लेणं आणि पोढीच्या दानाबरोबर आणखी एक उल्लेख येतो, नगरातल्या 'भिखुनि-उपसया'चा. धम्मुत्तरीय पंथाचा भिक्खुणी निवास. कुठे? डोंगरावर नाही, खाली गावात. आज जुन्नरला जा, शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, मानमोडी आहे, डोंगर लेण्यांनी भरलेत. तो गावातला निवास मात्र कुठे दाखवता येत नाही. कसा दाखवणार? गावातली घरं लाकूड, माती, विटांची. दोन हजार वर्षांत त्यावर किती पेठा बसल्या आणि उठल्या. भिक्खूंचा दगड राहिला, भिक्खुणींची माती झाली. इतिहासात त्या कमी दिसतात याचं हे एक मोठं कारण आहे. त्या कमी होत्या असं नाही. जी जागा टिकते त्या जागी त्यांना राहता येत नव्हतं.

हे लक्षात आलं आणि ची लिन आम्हाला वेगळं दिसायला लागलं. आधी आम्हाला वाटलं होतं, गगनचुंबी इमारतींच्या मध्ये हे विहार विजोड आहे. डोंगर हवा, धुकं हवं, घंटेचा नाद हवा. हा आमच्या डोक्यातला भिक्खूंचा विहार होता! भिक्खुणी विहाराची जागा शहरातच असते. बाजाराजवळ, दवाखान्याजवळ, जिथून हाक ऐकू जाईल तिथे. जुन्नरच्या त्या हरवलेल्या निवासाचा सख्खा शेजार डायमंड हिलच्या मेट्रो स्टेशनपाशी आहे. तांग छपरांपेक्षा त्याचा पत्ता जास्त जुना, जास्त अस्सल आहे.

आणि तिथल्या भिक्खुणी आपल्यापासून तेवढ्या लांबच्या नाहीत. वैशालीत महाप्रजापती गौतमीने प्रव्रज्या मागितली, आनंदाने रदबदली केली, आणि भिक्खुणी संघ सुरू झाला. अशोकाची मुलगी संघमित्रा तो श्रीलंकेला घेऊन गेली असं परंपरा सांगते. श्रीलंकेच्या भिक्खुणी समुद्रमार्गे चीनला गेल्या आणि इसवी सन 434च्या सुमारास नानजिंगमध्ये तीनशेवर चिनी स्त्रियांची उपसंपदा झाली. पुढे भारतात तो संघ संपला, श्रीलंकेतही अकराव्या शतकाच्या आसपास संपला. चीन, कोरिया, तैवान इथे टिकला. मग 1996 साली सारनाथला कोरियन भिक्खुणींच्या साहाय्याने श्रीलंकेतल्या दहा स्त्रियांची उपसंपदा झाली, आणि 1998 साली बोधगयेला अनेक देशांतल्या स्त्रियांची. ते 1998 साल, ज्या वर्षी ची लिन बांधून पुरं झालं. दिलेलं बियाणं आपल्या शेतात मरावं आणि शेजाऱ्याने राखलेलं परत मिळावं, तसं हे झालं. थेरवादी परंपरेत ही उपसंपदा ग्राह्य धरायची की नाही यावर वाद आजही आहे. आम्ही इतकंच म्हणतो, वाद घालणाऱ्यांनी बियाणं कुणी राखलं ते विसरू नये.

आता पुन्हा कृष्णाकाठी येऊ. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठावर लेणी आहेत, तुमच्यापैकी कितीतरी जण जखिणवाडीच्या बाजूने वर गेले असतील. कराडचं जुनं नाव करहाकट. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपावर करहाकट निगमाने, म्हणजे आख्ख्या गावाच्या मंडळाने दिलेलं दान कोरलेलं आहे. कुड्याला करहाकडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी लेणं देतो. म्हणजे आपलं कराड त्या काळी चांगलंच हिंडतं-फिरतं, देतं-घेतं गाव होतं. अशा गावात भिक्खुणींचा निवास असला, तर तो आगाशिवच्या कड्यावर नसणार. तो खाली, कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळच्या वस्तीत असणार, आणि आज कुणाच्या तरी परड्याखाली असणार. सापडेलच असं आम्ही म्हणत नाही. पण पाया खणताना खापरं आणि जुन्या विटा निघाल्या, तर त्या भरावात टाकण्याआधी जाणकाराला एकदा दाखवा, एवढं म्हणतो.

मग आपण काय जीर्णोद्धार करायचा? ची लिनसारखं लाकडी विहार बांधायचं? पैसा उभा राहीलही. आम्हाला मात्र दोन छोट्या गोष्टी आधीच्या वाटतात.

पहिली, नावं वाचायची. लेणी पाहायला गेलेल्या मुलांना आपण राजे सांगतो, व्यापारी मार्ग सांगतो, छपराच्या दगडी तुळया दाखवतो. ते सगळं सांगावंच. पण सापा, पदुमनिका, कोडी ही नावंही मुलांनी मोठ्याने म्हणावीत. एखाद्या बाईचं नाव दगडावर असून दोन हजार वर्षं कुणी घेत नसेल, तर तो दगड जपण्याचा अर्धा उपयोग वाया गेला.

दुसरी गोष्ट आजची आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा पांढऱ्या साड्या नेसून बायका किती मोठ्या संख्येने आल्या होत्या ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या पाच वर्षं आधी, 1951 साली, बुद्धाने स्त्रीला हीन लेखलं या आरोपाला बाबासाहेबांनी सविस्तर लेख लिहून उत्तर दिलं होतं. आज आपल्या भागात गावोगावी बुद्धविहारं आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात तिथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं, आणि समोर बसलेल्यांत बायकाच जास्त असतात.

मध्यंतरी एका भिक्खुणीताईंशी बोलणं झालं. तालुक्याच्या एका गावी, गावाचं नाव नको, त्यांना वर्षावासासाठी बोलावलं होतं. विहार नवंकोरं, संगमरवरी फरशी, आठ फुटी मूर्ती. पण राहायला खोली नाही, आतून कडी लागेल असं दार नाही, न्हाणीघर नाही. "दिवसा प्रवचन विहारात आणि रात्री मुक्काम एका उपासिकेच्या घरी, तिच्या नातवंडांच्या खोलीत," असं त्या हसत सांगत होत्या. त्या हसल्या, आम्हाला हसू आलं नाही. विनयपिटकातला तो नियम आठवला. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या गोष्टीची काळजी घेतली गेली, ती संगमरवर बसवताना कुणाच्या ध्यानात आली नाही.

कुणी म्हणेल, विहारात भिक्खूंसाठी तरी खोली कुठे असते? खरं आहे, पुष्कळ ठिकाणी नसते. पण भिक्खू सभामंडपात पथारी टाकून रात्र काढू शकतो. ती एकटी काढू शकत नाही. फरक तिथेच पडतो.

तेव्हा मंडळी, ची लिन पाहून आल्यावर आमचं मत विचाराल तर असं आहे. वास्तू देखणी, तिच्यातला जुनेपणा थोडा नाटकी, जवळचा इतिहास झाकला गेला त्याचं वाईट वाटतं. पण तिथे बंद दाराआडचा जो भाग आम्हाला दाखवला नाही, तोच त्या जीर्णोद्धारातला खरा भाग. तिथे बायकांना राहायला जागा आहे आणि दाराची कडी त्यांच्या हातात आहे. खिळे असोत नसोत.

तुमच्या गावात, वस्तीत नवं विहार बांधायचं ठरलं, नकाशा समोर आला, तर मूर्तीची उंची ठरवण्याआधी त्यावर एक खोली, एक न्हाणीघर आणि आतून लागणारी एक कडी काढा. खर्च फार येणार नाही. आणि दारावर नाव द्यायचंच असेल, तर देणाऱ्याचं नको. सापाचं द्या.

आता प्रश्न असतील तर विचारा, आम्ही बसलो आहोत.